रेडिमेड टॅरो जर्नल घ्यावं का? वापरून झाल्यावरचं मत

थेट सांगते, आठशे रुपये घालवायची गरज नाही. ज्यांना घ्यावं की नको एवढंच हवंय त्यांनी इथेच थांबलं तरी चालेल. बाकीच्यांसाठी का नको आणि मग लिहायचं कशात ते जरा सविस्तर लिहितेय, कारण टॅरो, म्हणजे ७८ चित्रांच्या पत्त्यांतून कार्ड काढून त्याचा अर्थ लावणं, शिकायला लागलं की पहिल्याच दिवशी सगळे सांगतात 'जर्नल ठेवा', पण ठेवायचं म्हणजे नक्की काय करायचं हे धड कोणी सांगत नाही, मग आपण ऑनलाइन शोधायला जातो आणि समोर येतं ते हे सोनेरी चंद्राचं कव्हर.

ब्रँडचं नाव देत नाहीये. असे आठ-दहा तरी मिळतात आणि आतली पानं बघितली तर सगळी एकमेकांची झेरॉक्स, त्यामुळे एकालाच धरून झोडपण्यात अर्थ नाही.

दिसायला सुंदर आहे, ते मान्यच. जाड पुठ्ठा, वर फॉइलमध्ये चंद्र-सूर्य, आत रेशमी रिबन, बंद करायला इलॅस्टिक, मागे चिठ्ठ्याचपाट्या ठेवायला खिसा. गिफ्ट द्यायला एक नंबर. कागदही बरा आहे, बॉलपेन किंवा जेल पेनने लिहिलं तर मागे उमटत नाही, शाईच्या पेनाने मात्र फुटतं. बाइंडिंगची बोंब आहे पण. वही सपाट उघडतच नाही, डाव्या हाताने दाबून धरायची आणि उजव्याने लिहायचं, आणि मधेच कार्ड उचलून जवळून बघायचं असतं तेव्हा तिसरा हात आणायचा कुठून? थोड्या दिवसांनी मधली पानं सुटायला लागली. मेल केला तर उत्तर आलं की तुमचा अनुभव आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, पुढच्या खरेदीवर दहा टक्के सूट घ्या. म्हणजे हीच वही अजून एक घ्या!

असो, पुठ्ठा आणि बाइंडिंग सोडून देऊ, खरी गडबड आतल्या छापील रकान्यांत आहे. रोजच्या पानावर काय काय आहे बघा. तारीख, वार, चंद्राची कला, आजचा मूड (पाच इमोजी छापलेत, एकाला गोल करा), प्रश्न, कार्डाचं नाव, सरळ की उलटं, कीवर्ड, आजची एनर्जी, कोणता क्रिस्टल वापरला, कृतज्ञतेच्या तीन गोष्टी, आणि हे सगळं झाल्यावर तळाशी 'माझं इंटरप्रिटेशन' म्हणून एक चौकोन, दोन बोटं उंच. ज्याच्यासाठी वही घेतली तेच सगळ्यात खाली आणि सगळ्यात बारीक. चंद्राच्या कलेसाठी रोज भिंतीवरच्या कालनिर्णयात तिथी बघून यायची, ते काही दिवस हौसेने केलं. क्रिस्टलचा रकाना पहिल्यापासून रिकामाच राहिला, आमच्या घरात क्रिस्टल म्हणजे तुरटी. आणि एवढे रकाने भरेपर्यंत सकाळी कुकरच्या शिट्ट्या होऊन जातात, कार्डाकडे बघायचं राहूनच जातं.

प्रस्तावनेचं तर बोलूच नका. पहिल्याच पानावर लिहिलंय की टॅरो हे प्राचीन इजिप्तच्या पुजाऱ्यांचं गुप्त ज्ञान आहे. हे पिल्लू सोडलं १७८१ मध्ये फ्रान्समधल्या कूर द जेबलँ नावाच्या गृहस्थांनी, कसलाही पुरावा नसताना, आणि तेव्हापासून ते फिरतंय. टॅरोचे पत्ते निघाले पंधराव्या शतकात उत्तर इटलीत आणि ते खेळायचे पत्ते होते, हुकूम लावून डाव मारायचा तसले, फ्रान्समध्ये अजूनही तो खेळ खेळतात. भविष्य बघायला वापर सुरू झाला तो बराच नंतर, अठराव्या शतकात. आता ही माहिती नसली तर कोणाचं अडत नाही हे खरंय, पण आठशे रुपयांच्या वहीत पहिल्याच पानावर थाप मारलेली असली की पुढचं सगळं संशयानेच वाचलं जातं.

तो संशय खराही ठरला. पुढे प्रत्येक कार्डाला एक अशी ७८ पानं आहेत, वर छोटं काळं-पांढरं चित्र, खाली चार कीवर्ड, आणि 'माझ्या नोट्स' म्हणून चार ओळी. त्यात आठ नंबरला जस्टिस आणि अकरा नंबरला स्ट्रेंग्थ छापलंय, आणि शेजारी चित्र मात्र राइडर-वेट डेकचं (डेक म्हणजे पत्त्यांचा गठ्ठा), ज्यात आठला स्ट्रेंग्थ आणि अकराला जस्टिस असतं! जुन्या फ्रेंच मार्सेय डेकमध्ये जस्टिस आठवं होतं, राइडर-वेट डेक काढणाऱ्या वेटने या दोघांची अदलाबदल केली. म्हणजे छापणाऱ्याने नावांची यादी एकीकडून उचलली, चित्रं दुसरीकडून, आणि कोणी मेळ घालून बघितलाच नाही. नवीन शिकणाऱ्या माणसाला वाटणार आपलंच काहीतरी चुकतंय.

पण हेही एक वेळ चाललं असतं. माझी खरी तक्रार त्या चार कीवर्डांबद्दल आहे. ते छापलेले असले की डोळे आधी तिकडे जातात, आणि एकदा वाचले की चित्रात तेवढंच दिसायला लागतं. उदाहरण देते. सिक्स ऑफ पेंटॅकल्स, म्हणजे नाण्यांची छक्की. जर्नलमध्ये कीवर्ड आहेत दानशूरपणा, मदत, समतोल, देणं-घेणं. मी एका कंपनीत अकाउंट्सला आहे, दिवाळीच्या आधी बोनसची लिस्ट लागायची होती तेव्हा हे कार्ड आलं, सुदैवाने त्या दिवशी जर्नल कपाटात होतं आणि मी हाताशी होती त्या साध्या वहीत लिहिलं. लिहिलेलं तसंच्या तसं देते: 'श्रीमंत माणूस उभा, दोघं गुडघ्यावर. एका हातात तराजू, दुसऱ्या हाताने नाणी टाकतोय. नाणी एकाच्याच हातात पडतायत. दुसरा पण हात पसरून बसलाय, त्याला काहीच नाही. मग तराजू कशाला धरलाय, दाखवायला?' कार्ड काढून बघा, खरंच तसंच आहे.

पुढे लिस्ट लागली, सगळ्यांना सारखाच टक्का, म्हणजे भविष्य म्हणून बघितलं तर कार्ड सपशेल आपटलं. पण ती नोंद नंतर वाचली तेव्हा कळलं की बोनसच्या रकमेचं मला फारसं काही नव्हतंच, ऑडिटच्या कामाचं श्रेय कोणाला गेलं आणि मीटिंगमध्ये कोणाकडे कोणी बघितलंही नाही, ते मनात सलत होतं. हे मी कोणाला बोलले नव्हते, स्वतःलाही नाही. 'दानशूरपणा, मदत, समतोल' असं कीवर्डावरून उतरवून घेतलं असतं तर यातलं काय हाती लागलं असतं?

म्हणून शिकणाऱ्याने पहिलं काय करायचं तर डेकसोबत येणारी अर्थांची पुस्तिका बंद, गुगल बंद, जर्नलची छापील पानं बंद, कार्ड समोर ठेवायचं आणि जे दिसतं ते लिहायचं. अर्थ लिहायचा नाही, फक्त दिसतंय ते. कोण उभंय, कोण बसलंय, हवा कशी आहे, पाणी कुठेय, तोंड कुठल्या दिशेला आहे. पाच-सात ओळी झाल्या की मग खुशाल पुस्तिका उघडा आणि खाली वेगळ्या रंगाच्या पेनने पुस्तकी अर्थ लिहा. दोन्ही जुळले तर छान, नाही जुळले तर अजून छान.

हे जमतं ते डेकमुळे, त्यामुळे डेकबद्दलही लिहिते. माझ्याकडे राइडर-वेट-स्मिथ आहे, आणि शिकायला मी तरी दुसरं काही सुचवणार नाही. १९०९ मध्ये लंडनच्या विल्यम रायडर अँड सन कंपनीने काढला, कल्पना आर्थर एडवर्ड वेटची आणि चित्रं पामेला कोलमन स्मिथची. तिच्या आधीच्या बहुतेक डेकमध्ये मेजरची, म्हणजे जस्टिस, डेथ असली स्वतःची नावं असलेली २२ कार्डं आणि राजा-राणी वगैरे मंडळी सोडली तर बाकीच्या पत्त्यांवर नुसत्या वस्तू मोजून काढलेल्या असायच्या, सात पेले, नऊ तलवारी, आपल्या पत्त्यांत बदाम सत्ती असते तसं. अशा कार्डाकडे बघून जर्नलमध्ये लिहिणार काय, सात पेले आहेत एवढंच? पामेलाने त्या सगळ्या पत्त्यांवर माणसं आणून बसवली, प्रत्येक कार्डावर काहीतरी चाललेलं आहे. पंधराव्या शतकाच्या शेवटी शेवटी इटलीत सोला बुस्का नावाचा असाच चित्रांचा डेक झाला होता, १९०७ मध्ये त्याचे फोटो ब्रिटिश म्युझियममध्ये आले, आणि तिचं थ्री ऑफ स्वोर्ड्स, हृदयात घुसलेल्या तीन तलवारींचं, त्यातल्या कार्डाशी इतकं मिळतंजुळतं आहे की ते बघूनच काढलं असणार असं बहुतेकांना वाटतं.

बाई स्वतः मात्र उपेक्षित राहिली. एवढं मोठं काम केलं आणि पैसे अगदी किरकोळ मिळाले असं तिने आल्फ्रेड स्टिग्लिट्झ या फोटोग्राफरला पत्रात कळवलं होतं. डेक जगभर गेला, नाव लागलं प्रकाशकाचं आणि वेटचं, स्मिथ हे नाव लोक आत्ता आत्ता जोडायला लागलेत. १९५१ मध्ये कॉर्नवॉलमधल्या ब्यूड गावात ती गेली तेव्हा डोक्यावर कर्ज होतं. कार्डाच्या कोपऱ्यात बारीक वळणदार खूण दिसते ना, पी, सी आणि एस एकमेकांत गुंफलेली, ती तिची सही. मी जर्नलमध्ये प्रत्येक कार्डाला ती सही कुठे आहे तेही टिपते, काही उपयोग नाही त्याचा, पण ती शोधायच्या नादात अख्खं कार्ड कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत बघून होतं. बरं, तिच्या मृत्यूला सत्तर वर्षं झाल्यावर, म्हणजे २०२१ संपताना, ब्रिटनमधला या चित्रांचा कॉपीराइटही संपला, त्यामुळे आता हीच चित्रं घेऊन रंग बदललेले ढीगभर डेक बाजारात आलेत. घेताना चित्रं स्पष्ट आहेत ना ते बघा. ऑनलाइन अगदी स्वस्तात पातळ पत्त्यांचा डेक मिळतो, पुस्तिकेच्या जागी नुसता क्यूआर कोड असलेला, त्यात छपाई एवढी गचाळ असते की चेहरे ओळखू येत नाहीत. आणि खिशात मावणारा मिनी डेक तर जर्नलच्या कामाला बिनकामाचा, नेहमीचा साइज साधारण ७ बाय १२ सेंटिमीटर, तोच घ्या.

डिटेल दिसणं किती महत्त्वाचं त्याचा माझ्याच वहीतला पुरावा देते. नाइन ऑफ पेंटॅकल्स पहिल्यांदा आलं तेव्हा मी लिहिलंय 'श्रीमंत बाई, द्राक्षांची बाग, हातावर पक्षी, एकटी पण खूश'. दुसऱ्या वेळी, 'पक्ष्याच्या डोळ्यांवर टोपी आहे! ससाणा आहे हा, शिकारीचा, पाळलेला. ती उडू देत नाही त्याला.' तिसऱ्या वेळी वहीत फक्त एक ओळ, 'खाली जमिनीवर गोगलगाय आहे, आधी दिसलीच नाही!!' तीन नोंदी एकाखाली एक वाचल्या की आपण शिकतोय म्हणजे काय होतंय ते दिसतं. त्या बाईबद्दलचं माझं मतही बदलत गेलंय, पहिल्यांदा हेवा, मग जरा शंका, आणि आता वाटतं की ती बाग लावायला तिला किती वर्षं लागली असतील. पुस्तकात एवढंच लिहिलंय की समृद्धी आणि स्वावलंबन.

पण या तीन नोंदी एकाखाली एक वाचायच्या कशा? हाच तर मुद्दा आहे आणि छापील जर्नलचं घोडं इथेच पेंड खातं. त्यात रोजची पानं वेगळी आणि कार्डाची पानं वेगळी आणि दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. रोजच्या पानांना पान नंबर सुद्धा नाहीत! अकाउंट्सवाल्या माणसाला हे बघून घाम फुटतो. आपल्याकडे व्यापारी पिढ्यानपिढ्या काय करत आलेत, रोजकीर्द लिहायची, म्हणजे जे घडलं ते तारीखवार, आणि मग त्यातली प्रत्येक रक्कम खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर चढवायची. मी टॅरोसाठी तेच केलं. साधं दोनशे पानी लाँगबुक घेतलं, अप्पा बळवंत चौकात मिळतं तसलं कुठलंही, सगळ्या पानांवर आधी हाताने नंबर टाकले. डावीकडच्या पानावर रोजची नोंद. उजवीकडचं पान कोरं सोडायचं. आणि मागची पाच-सहा पानं खतावणीला, ७८ कार्डांची नावं एकाखाली एक, नावापुढे फक्त पान नंबर. नाइन ऑफ पेंटॅकल्स, १४, ५२, ८८. झालं. कार्ड आलं की आधी लिहायचं, लिहून झाल्यावरच खतावणी उघडायची आणि जुनी पानं काढून बघायची. आधी बघितलं तर जुनंच परत उतरवलं जातं, हे लक्षात ठेवा.

उजवीकडचं कोरं पान कशाला, तर नंतर काय झालं ते लिहायला. त्याच रात्री, आठवड्याने, कधी तीन महिन्यांनी. लाल पेनने आणि तारीख टाकून. डावीकडच्या मजकुराला मात्र हात लावायचा नाही, खाडाखोड नाही, व्हाइटनर तर अजिबातच नाही, चुकलं असेल तर एक रेघ मारून शेजारी लिहायचं, हिशेबाच्या वहीत करतात तसंच. हे मी मुद्दाम सांगतेय कारण मन फार लबाड असतं, गोष्ट घडून गेली की आपल्याला वाटायला लागतं की कार्डाने हेच तर सांगितलं होतं. लिहून ठेवलेलं असलं की सोंग वठवता येत नाही. माझ्या वहीत उजवीकडे 'असं काही झालं नाही' हे वाक्य भरपूर वेळा आहे आणि मला ते आवडतं.

यावरून आठवलं, १९४८ मध्ये बर्ट्रम फोरर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आपल्या विद्यार्थ्यांची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली आणि प्रत्येकाला त्याचं म्हणून वर्णन दिलं. पाचपैकी किती मार्क द्याल विचारलं तर सरासरी आली ४.२६. प्रत्यक्षात सगळ्यांना एकच कागद दिला होता, ज्योतिषाच्या पुस्तकातली वाक्यं जोडून केलेला! टॅरोची पुस्तिका उघडा आणि कुठल्याही तीन कार्डांचे अर्थ वाचा, तिन्ही आज तुम्हाला लागू पडतील. मला यात टॅरोची बदनामी वाटत नाही. पण ज्यांना पुढे लोकांना रीडिंग द्यायचंय त्यांनी हा प्रयोग माहीत करून घ्यावा, आणि जर्नलमध्ये 'बदल येणार आहे' असलं गुळमुळीत काही लिहू नये. लिहायचं तर असं लिहा की नंतर खोटं ठरू शकेल.

अजून एक, तेच तेच कार्ड येणं. शिकणाऱ्यांपैकी प्रत्येकजण कधी ना कधी म्हणतो की अगं मला सारखं टॉवरच येतंय, काहीतरी संकेत आहे. आकडेमोड करून बघा. रोज नीट पिसून एकच कार्ड काढलं तर अकरा दिवसांत कुठलं तरी कार्ड परत यायची शक्यता निम्म्याच्या वर जाते, महिनाभरात तर जवळजवळ शंभर टक्के. लागोपाठ दोन दिवस तेच कार्ड, हे सुद्धा वर्षात चार-पाच वेळा सहज होणार. उलट सगळी ७८ कार्डं एकदा तरी दिसायला सरासरी ३८५ दिवस लागतात, वर्षापेक्षा जास्त! आता त्या छापील जर्नलकडे परत बघा, रोजची पानं शंभर. शंभर दिवसांत सरासरी एकवीस-बावीस कार्डं तोंडच दाखवत नाहीत. म्हणजे वही संपणार आणि पुढच्या ७८ पानांतली वीसेक कोरीच राहणार, आणि तुम्हाला वाटणार आपला अभ्यास अर्धवट राहिला. खतावणीत कुठल्या नावापुढे पान नंबर नाही ते एका नजरेत दिसतं, मग रविवारी ती कार्डं मुद्दाम गठ्ठ्यातून शोधून काढायची आणि त्यांच्यावर लिहायचं. कार्ड आपोआपच यायला हवं असा काही नियम नाहीये.

अ‍ॅपबद्दल पण विचारतील म्हणून लिहिते. दोन वापरून बघितली. कार्ड आलं की खाली लगेच अर्थ येतो, म्हणजे छापील कीवर्डांचाच आजार, वर जाहिराती. शोधायला सोपं पडतं हे मात्र खरं, आणि प्रवासात वही नेता येत नाही तेव्हा मी फोनमध्ये कार्डाचा फोटो काढून त्याखाली व्हॉइस नोट बोलून ठेवते, घरी आल्यावर वहीत उतरवते. लोकलमध्ये बोलू नका, माझ्या शेजारच्या काकू कांजूरमार्गपर्यंत बघत होत्या.

उलटी, म्हणजे डोकं खाली पाय वर निघालेली कार्डं सुरुवातीला लिहूच नका, सरळच धरा, नाहीतर ७८ चे १५६ अर्थ होतात. दहा कार्डांचा सेल्टिक क्रॉसही नको एवढ्यात, वेटच्या पुस्तकातला तो स्प्रेड, म्हणजे कार्डांची मांडणी, सगळे पहिल्याच आठवड्यात मांडायला जातात, लिहायला दोन पानं लागतात आणि दहावं कार्ड येईपर्यंत पहिलं विसरलेलं असतं. एक कार्ड, फार तर तीन.

दुसऱ्यांसाठी कार्डं काढत असाल तर वहीत त्यांचं नाव लिहू नका, एखादं अक्षर पुरे. कोणाचं लग्न मोडतंय, कोणाची नोकरी जातेय, ही वही घरात टेबलावर पडलेली असते हे विसरता कामा नये. आणि टेबलावर पडलेलं कोणीतरी वाचतंच. आमच्याकडे सासूबाईंनी एकदा डेथचं कार्ड बघितलं, सांगाडा, काळं चिलखत, खाली पडलेला राजा.

"अगं, सकाळी सकाळी हे काय हाडं मांडून बसलीयस?"

"अहो आई, ते मरणाचंच असं नाही काही, काहीतरी संपून नवीन सुरू होतं असा अर्थ सांगतात."

त्यांनी चष्मा लावला, कार्ड हातात घेऊन बराच वेळ बघितलं, आणि म्हणाल्या, "घोडा पांढरा आहे. आणि मागे तो सूर्य उगवतोय की मावळतोय?"

मी डेक घेतल्यापासून हा प्रश्न मला पडला नव्हता. त्या दिवशीच्या नोंदीत मी माझं काहीच लिहिलं नाही, त्यांचंच वाक्य लिहिलं आणि खाली 'आई' असं लिहून ठेवलं. तेव्हापासून अधूनमधून त्याच विचारतात, आज कोण आलंय, आणि खरं सांगायचं तर क्लासमधल्या निम्म्या लोकांपेक्षा त्यांचं बघणं बारीक आहे, कारण त्यांनी पुस्तिका वाचलेलीच नाही.

तर मार्क द्यायचे म्हणजे, छापील जर्नलला दिसण्याबद्दल पाचपैकी चार आणि शिकायच्या उपयोगाला दीड, तोही रिबनमुळे. लाँगबुकला साडेचार. अर्धा कापला कारण पावसाळ्यात पानं सर्दावतात आणि कव्हर अगदीच किराणा दुकानाच्या उधारीच्या वहीसारखं आहे, खाकी कागद घालून घेतला तरी.

आणि कोणी मराठीत असं जर्नल काढायच्या विचारात असेल तर मी गिऱ्हाईक आहे, फक्त एवढं करा. शिलाई अशी की वही सपाट उघडेल. पानांना नंबर. डावं पान रेघांचं, उजवं कोरं. मागे ७८ नावांची यादी, नावापुढे पान नंबर लिहायला लांब मोकळी ओळ, आणि आठ-अकराचा घोळ तेवढा एकदा तपासून घ्या. कीवर्ड एकही नको, क्रिस्टल नको, इमोजी नको. चंद्र कव्हरवर टाकायचा तर टाका, त्याचं मी वेगळं काही म्हणणार नाही, पण किंमत तीनशेच्या आत ठेवा.